एक-दोन गुंठ्यांचे घर : तालुक्याच्या ठिकाणी भूखंड खरेदीतील कायदेशीर प्रश्न (विशेष संदर्भ : सांगोला परिसर)

सारांश

घर व जमीन यांविषयीच्या कायद्याची चर्चा बहुधा महानगरांतील सदनिका, विकासक व गृहनिर्माण संस्था यांच्या संदर्भात होते. सांगोल्यासारख्या तालुक्याच्या ठिकाणी मात्र नोकरदार व शेतकरी कुटुंबाचे घर शेतजमिनीतून तोडलेल्या एक-दोन गुंठ्यांच्या तुकड्यावर उभे राहते. त्यामुळे येथील प्रश्नांचे स्वरूप वेगळे आहे. प्रस्तुत लेखात खरेदीखत, फेरफार व सातबारा यांचे परस्परसंबंध, तुकडेबंदी कायदा, सामायिक खरेदी, नोटरी व मुखत्यारपत्रावरील व्यवहार, मुलींचा वारसा हक्क, भोगवटादार वर्ग २ च्या जमिनी आणि रेरा कायदा यांचा विचार केला आहे. शासनाने तुकड्यांच्या नियमितीकरणाचा मार्ग मोकळा केला असला तरी नियमितीकरणाने केवळ एक दोष दूर होतो. विक्रेत्याच्या हक्कातील दोष तसाच राहतो, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : गुंठा, तुकडेबंदी, सातबारा, फेरफार, खरेदीखत, हक्कसोडपत्र, रेखांकन, रेरा

१. प्रस्तावना

सांगोला हा माणदेशातील अवर्षणप्रवण तालुका. माण नदीचे कोरडे पात्र, खिलार जनावरांचा बाजार आणि अलीकडच्या काळात डाळिंबाच्या बागा ही त्याची ओळख. २८ डिसेंबर २०२० रोजी देशातील शंभरावी किसान रेल्वे येथूनच पश्चिम बंगालमधील शालिमारकडे रवाना झाली. डाळिंबाच्या उत्पन्नाबरोबर शिक्षण, वाहतूक व व्यापार यांचा विस्तार झाला, तशी शहरालगतच्या जमिनीची मागणी वाढली. मिरज, पंढरपूर, मंगळवेढा, जत या रस्त्यांच्या कडेला काल ज्वारी-बाजरीचे रान होते तेथे आज दगड रोवून आखलेले भूखंड दिसतात.

या भूखंडांचा ग्राहक कोण? शिक्षक, प्राध्यापक, बँक व शासकीय कर्मचारी, खेड्यातून मुलांच्या शिक्षणासाठी शहरात आलेले शेतकरी कुटुंब, तसेच गलाईच्या व्यवसायानिमित्त परराज्यांत स्थायिक झालेली पण गावाकडे घर असावे अशी इच्छा बाळगणारी माणदेशी कुटुंबे. यांतील बहुतेकांच्या आयुष्यातील ही एकमेव मोठी खरेदी असते. भविष्य निर्वाह निधीतील अग्रिम, पतसंस्थेचे कर्ज आणि पत्नीचे दागिने यांतून उभी केलेली रक्कम तीत गुंतते. अशी खरेदी करताना घेणारा जमिनीचा दर, रस्ता व पाणी यांची कसून चौकशी करतो. कागदपत्रांबाबत मात्र 'सातबारा पाहिला, नाव आहे' एवढ्यावर समाधान मानतो. नेमक्या या समाधानात पुढील वादाचे बीज असते.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) भूखंड खरेदीत उपयोगात येणाऱ्या प्रमुख कागदपत्रांचे कायदेशीर मूल्य स्पष्ट करणे; (२) तुकडेबंदी कायदा व त्यातील सुधारणांचा सामान्य खरेदीदारावर होणारा परिणाम विशद करणे; (३) विक्रेत्याच्या हक्कातील नेहमी आढळणारे दोष दाखविणे; (४) खरेदीपूर्व पडताळणीचा व्यवहार्य क्रम सुचविणे.

लेखाची पद्धती वर्णनात्मक व विश्लेषणात्मक असून ती संबंधित अधिनियम, त्यांतील सुधारणा व न्यायालयीन निर्णय यांवर आधारलेली आहे. विषय सुलभ व्हावा म्हणून एक कल्पित उदाहरण योजिले आहे. समजा, एका शिक्षकाने सांगोल्यालगतच्या एका गटातील एक एकर जमिनीपैकी दोन गुंठे विकत घेतले. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट आणि एकर म्हणजे चाळीस गुंठे. विक्रेत्याने उरलेले गुंठेही असेच निरनिराळ्या लोकांस विकले. या शिक्षकाच्या हाती नेमके काय आले, याचा शोध पुढील विवेचनात घ्यावयाचा आहे.

३. तीन कागद, तीन कार्ये

खरेदीखत, फेरफार आणि सातबारा हे तीन शब्द बोलताना एकाच अर्थाने वापरले जातात. कायद्याच्या दृष्टीने त्यांची कार्ये भिन्न आहेत.

*खरेदीखत* हा हस्तांतरणाचा दस्त होय. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ नुसार शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री केवळ नोंदणीकृत दस्तानेच होऊ शकते. नोंदणी अधिनियम, १९०८ चे कलम १७ अशा दस्तांची नोंदणी सक्तीची करते आणि कलम ४९ नुसार नोंदणी न झालेल्या दस्ताने मालमत्तेत हक्क निर्माण होत नाही. परंतु नोंदणी झाली म्हणजे मालकी सिद्ध झाली, असेही नाही. दुय्यम निबंधक विक्रेत्याच्या मालकीचा न्यायनिवाडा करीत नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये के. गोपी प्रकरणात हेच अधोरेखित केले : दस्त करून देणाऱ्याच्या हक्काची शहानिशा करणे हे नोंदणी अधिकाऱ्याचे काम नव्हे. म्हणजे जो हक्क विक्रेत्याकडे नव्हता तो नोंदणीच्या शिक्क्याने खरेदीदाराकडे येत नाही.

*फेरफार* ही महसुली नोंद होय. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ व १५० अन्वये मिळालेल्या हक्काची खबर देणे, तिची फेरफार नोंदवहीत (गाव नमुना ६) नोंद होणे, हितसंबंधितांना नोटीस देणे, हरकती ऐकणे आणि मग नोंद प्रमाणित करणे असा हा क्रम आहे.

*सातबारा* हा अधिकार अभिलेखाचा (नमुना ७) व पीक पाहणीचा (नमुना १२) उतारा होय. संहितेच्या कलम १५७ नुसार यातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. 'विरुद्ध सिद्ध होईपर्यंत' हे शब्द महत्त्वाचे आहेत. हे खंडनीय गृहीतक आहे, मालकीचा अंतिम निर्णय नव्हे. फेरफार नोंदीने हक्क निर्माण होत नाही व नष्टही होत नाही, अशा नोंदी मुख्यत्वे महसूल वसुलीसाठी असतात, असे सर्वोच्च न्यायालयाने सावर्णी विरुद्ध इंदर कौर (१९९६) पासून जितेंद्र सिंग विरुद्ध मध्य प्रदेश राज्य (२०२१) पर्यंत अनेकदा सांगितले आहे.

हीच गोष्ट ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्याला व नगरपरिषदेच्या कर आकारणी उताऱ्याला अधिकच लागू पडते. घरपट्टी भरली म्हणजे घर आपले, ही समजूत प्रचलित असली तरी ते उतारे कर आकारणीसाठी असतात. सिटी सर्व्हे झालेल्या क्षेत्रात सातबाऱ्याऐवजी मिळकत पत्रिका असते. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेतून गावठाणांतही ड्रोन मोजणीनंतर अशा पत्रिका दिल्या जाऊ लागल्या आहेत.

सारांश, आपल्या देशात राज्य मालकीची हमी देत नाही. ते दस्ताची नोंद ठेवते. मालकीची साखळी तपासण्याची जबाबदारी खरेदीदारावरच असते.

४. गुंठ्याची खरेदी आणि तुकडेबंदी

उदाहरणातील शिक्षकासमोरचा पहिला प्रश्न असा की दोन गुंठे शेतजमीन विकता येते काय? शेतजमिनीचे लहान लहान तुकडे पडून शेती तोट्यात जाऊ नये या हेतूने १९४७ मध्ये धारण जमिनींचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध करण्याबाबत व त्यांचे एकत्रीकरण करण्याबाबत अधिनियम करण्यात आला. त्यानुसार प्रत्येक प्रकारच्या जमिनीसाठी प्रमाणभूत क्षेत्र ठरते. त्याहून कमी क्षेत्राचा तुकडा पडेल असे हस्तांतरण वा वाटप करण्यास कलम ८ मनाई करते. या तरतुदीविरुद्धचे हस्तांतरण कलम ९ नुसार निरर्थक ठरते आणि तसा कब्जा घेणाऱ्यास काढून टाकण्याचा अधिकारही जिल्हाधिकाऱ्यास दिला आहे. ऑगस्ट २०२३ च्या राजपत्रानुसार जिरायत जमिनीसाठी २० गुंठे व बागायत जमिनीसाठी १० गुंठे असे सुधारित प्रमाणभूत क्षेत्र निश्चित झाले. २०२४ मध्ये विहीर, शेतरस्ता, ग्रामीण घरकुल अशा मर्यादित कारणांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीने लहान क्षेत्राच्या हस्तांतरणाची सोय करण्यात आली. तथापि शहरालगत घरासाठी होणारी गुंठ्यांची सर्वसाधारण खरेदी या सवलतींत बसत नाही.

कायदा असा असूनही गुंठ्यांचे व्यवहार थांबले नाहीत. शहर वाढत होते आणि सामान्य माणसाला परवडणारी जागा शेतातच होती. या वास्तवाशी जुळवून घेण्याचे प्रयत्न शासनाने वेळोवेळी केले. त्यांचा क्रम पुढीलप्रमाणे मांडता येईल.

(अ) महाराष्ट्र गुंठेवारी विकास (नियमाधीन करणे, श्रेणीवाढ व नियंत्रण) अधिनियम, २००१ ने १ जानेवारी २००१ पूर्वीच्या गुंठेवारी विकासाच्या नियमितीकरणाची सोय केली. २०२१ च्या सुधारणेने ही मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढविण्यात आली.

(आ) तुकडेबंदी अधिनियमात नंतर समाविष्ट झालेल्या कलम ८-ब ने महानगरपालिका व नगरपरिषद हद्दीतील, तसेच नियोजन आराखड्यात निवासी, वाणिज्यिक वा औद्योगिक वापरासाठी दर्शविलेल्या जमिनींना तुकडेबंदीतून सूट दिली. मात्र पाडलेला भूखंड मंजूर रेखांकनानुसार असावा, ही अट ठेवली.

(इ) २०१७ च्या सुधारणा अधिनियमाने १५ नोव्हेंबर १९६५ नंतरचे व सुधारणा अमलात येण्यापूर्वीचे तुकड्यांचे व्यवहार बाजारमूल्याच्या कमाल २५ टक्के रक्कम भरून नियमित करण्याची तरतूद केली. एवढी रक्कम भरणे सामान्यांच्या आवाक्याबाहेरचे असल्याने प्रतिसाद मर्यादित राहिला. ऑक्टोबर २०२४ मध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांवर आणण्यात आले.

(ई) १२ जुलै २०२१ रोजी नोंदणी महानिरीक्षकांनी रेखांकन मंजूर नसलेल्या तुकड्यांचे दस्त नोंदवू नयेत असे परिपत्रक काढले. ५ मे २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते रद्द ठरविले. या काळात खरेदीदारांमध्ये मोठा संभ्रम होता. एका महिन्यात नोंद होणारा दस्त दुसऱ्या महिन्यात परत येत असे.

(उ) नोव्हेंबर २०२५ मधील अध्यादेशाने नागरी व अकृषिक वापराच्या निर्दिष्ट क्षेत्रांतील, १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या कालावधीतील तुकड्यांचे व्यवहार कोणतेही अधिमूल्य न आकारता नियमित मानण्याचा मार्ग खुला केला.

हा शेवटचा टप्पा लाखो कुटुंबांना दिलासा देणारा आहे, यात शंका नाही. परंतु त्याचा नेमका अर्थ समजून घेणे आवश्यक आहे. नियमितीकरणाने 'हा तुकडा प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान आहे' हा एकच आक्षेप दूर होतो. विक्रेता मालक होता काय, त्याच्या बहिणींनी संमती दिली होती काय, दस्त नोंदणीकृत होता काय, भूखंडास जाण्या-येण्याचा रस्ता आहे काय आणि बांधकामास परवानगी आहे काय, हे पाचही प्रश्न जसेच्या तसे राहतात. 'शासनाने तुकडेबंदी उठविली, आता काळजी नाही' अशी वाक्ये विक्रेत्यांच्या तोंडी ऐकू येत असताना हा भेद ध्यानात ठेवावयास हवा. शिवाय निर्दिष्ट दिनांकानंतरच्या व निर्दिष्ट क्षेत्राबाहेरील शेतजमिनीच्या व्यवहारांना ही सवलत लागू नाही.

५. सामायिक खरेदी : पळवाट आणि तिची किंमत

तुकडेबंदीतून वाट काढण्यासाठी रूढ झालेली युक्ती म्हणजे सामायिक खरेदीखत. दहा खरेदीदार एकत्र येतात, वीस गुंठ्यांचे एकच खरेदीखत करतात आणि जागेवर प्रत्येकाचे दोन-दोन गुंठे आखून घेतात. दस्त नोंदविला जातो, सातबाऱ्यावर दहाही नावे लागतात. सर्व काही कायदेशीर झाल्याचा आभास निर्माण होतो.

प्रत्यक्षात या दहापैकी कोणाचीही विशिष्ट दोन गुंठ्यांवर स्वतंत्र मालकी नसते. प्रत्येक जण संपूर्ण वीस गुंठ्यांत अविभक्त हिस्स्याचा सहमालक असतो. याचे परिणाम बहुविध आहेत. एका सहमालकाने कर्ज थकविल्यास त्याच्या हिस्स्यावरील बोजाची नोंद सर्वांच्या सामायिक सातबाऱ्यावर येते. एक जण वारला तर त्याचे पाच वारस येऊन बसतात. गृहकर्जासाठी बँकेला विशिष्ट चतुःसीमेचा स्वतंत्र भूखंड तारण लागतो, तो दाखविता येत नाही. कोपऱ्यावरचा भूखंड कोणाचा यावर वाद झाल्यास दस्तात उत्तर नसते. आणि वाटप करून घ्यावयाचे म्हटले की तुकडेबंदीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. जी अडचण खरेदीच्या वेळी टाळली, ती वाटपाच्या वेळी व्याजासह परत येते.

६. नोटरी, साठेखत व मुखत्यारपत्र

ज्या काळात दस्त नोंदविणे अवघड झाले त्या काळात शंभर रुपयांच्या मुद्रांकावर (ऑक्टोबर २०२४ नंतर पाचशे रुपयांच्या) नोटरीसमोर लिहून घेण्याची प्रथा बळावली. नोटरी दस्त करणाऱ्याची ओळख व स्वाक्षरी साक्षांकित करतो. त्याच्या शिक्क्याने विक्री होत नाही. संपूर्ण रक्कम दिली, कब्जा घेतला, वर्षानुवर्षे राहणे झाले, तरी कलम ५४ ची नोंदणीकृत दस्ताची अट सुटत नाही.

साठेखताचीही हीच स्थिती आहे. कलम ५४ स्पष्टपणे सांगते की विक्रीचा करार स्वतः मालमत्तेत कोणताही हक्क निर्माण करीत नाही. तो केवळ खरेदीखत करून मागण्याचा अधिकार देतो. हा अधिकारही अमर्याद काळ टिकत नाही. मुदत अधिनियम, १९६३ च्या अनुच्छेद ५४ नुसार कराराच्या विशिष्ट पूर्ततेचा दावा ठरलेल्या तारखेपासून, वा तारीख ठरलेली नसल्यास नकार कळल्यापासून, तीन वर्षांत दाखल करावा लागतो. 'घरचाच माणूस आहे, सवडीने खरेदी करून देईल' या विश्वासावर ही तीन वर्षे सहज निघून जातात.

परगावी राहणाऱ्या कुटुंबांच्या बाबतीत कुलमुखत्यारपत्राचा वापर विशेष आढळतो. सुरज लॅम्प विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०११ रोजी निर्णय दिला की साठेखत, मुखत्यारपत्र व मृत्युपत्र यांच्या जोडणीतून मालकी हस्तांतरित होत नाही. मुखत्यारपत्र हे प्रतिनिधी नेमण्याचे साधन आहे. मुखत्याराने मालकाच्या वतीने रीतसर नोंदणीकृत खरेदीखत केल्यास ते वैध असते. पण मालक हयात आहे काय आणि मुखत्यारपत्र रद्द झालेले नाही ना, याची खात्री करणे अगत्याचे ठरते, कारण सर्वसाधारणपणे मालकाच्या मृत्यूबरोबर मुखत्याराचा अधिकार संपतो.

नोंदीबाहेर राहण्याची खरी किंमत भूसंपादनाच्या वेळी कळते. सांगोल्यातून राष्ट्रीय महामार्ग १६६ जातो. अशा रस्त्यांसाठी जमीन जाते तेव्हा मोबदल्याची कार्यवाही अभिलेखातील नावांवरून सुरू होते. नोटरीच्या कागदावर घर बांधून राहणाऱ्यास आपला हितसंबंध सिद्ध करण्यासाठी भांडावे लागते आणि तोवर रक्कम मूळ मालकाच्या खात्यावर जमा होण्याचा धोका राहतो.

७. विक्रेत्याचा हक्क

७.१ एकत्र कुटुंब व मुलींचा हिस्सा

जुन्या सातबाऱ्यांवर नावापुढे 'ए. कु. मॅ.' अशी अक्षरे आढळतात. एकत्र कुटुंब मॅनेजर असा त्यांचा अर्थ. कुटुंबाची जमीन कर्त्याच्या नावावर लागलेली असते. कर्ता म्हणजे एकटा मालक नव्हे. काळाच्या ओघात ही अक्षरे गळून केवळ नाव उरते आणि खरेदीदाराचा समज होतो की जमीन त्या एकाचीच आहे. म्हणून चालू सातबाऱ्यावर न थांबता जुने हस्तलिखित उतारे व फेरफार पाहणे आवश्यक असते.

मुलींच्या हक्काबाबत महाराष्ट्राने २२ जून १९९४ रोजीच राज्य सुधारणा लागू केली. त्यापूर्वी विवाह न झालेल्या मुलींना सहदायकाचा दर्जा मिळाला. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय सुधारणेने हिंदू वारसा अधिनियम, १९५६ च्या कलम ६ मध्ये बदल करून विवाहित-अविवाहित हा भेद दूर केला. विनिता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की हा हक्क जन्मसिद्ध आहे आणि २००५ मध्ये वडील हयात असणे त्यासाठी आवश्यक नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेली रीतसर वाटणी व विक्री मात्र अबाधित राहते.

ग्रामीण भागात बहिणींची नावे वारस नोंदीत लागतच नाहीत, वा लागून साध्या अर्जावर, प्रतिज्ञापत्रावर कमी केली जातात. स्थावर मालमत्तेतील हक्क सोडण्याचा दस्त नोंदणीकृत असणे आवश्यक आहे. तलाठ्याकडील जबाबावरची सही म्हणजे हक्कसोडपत्र नव्हे. उदाहरणातील शिक्षकाने भावांकडून जमीन घेतली आणि सात वर्षांनी बहिणीने वाटपाचा दावा केला, तर तिला लोभी ठरवून प्रश्न सुटणार नाही. कायद्याने जे तिचे होते ते तिला न विचारता विकले गेले, ही मूळ चूक आहे. खरेदीदाराने बहिणींची संमती आग्रहपूर्वक मागणे हे त्याच्या हिताचे तर आहेच, न्यायाचेही आहे.

'मी प्रामाणिक खरेदीदार आहे' हा बचाव मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ४१ मध्ये मर्यादित स्वरूपात मिळतो. परंतु त्यासाठी वाजवी काळजी घेऊन चौकशी केल्याचे दाखवावे लागते. केवळ चालू सातबारा पाहिला, एवढ्याने ही अट पूर्ण होईल असे मानणे धाडसाचे आहे.

७.२ भोगवटादार वर्ग २

सातबाऱ्यावरील 'भोगवटादार वर्ग २' ही नोंद अनेकांच्या नजरेतून सुटते. वतनी, इनामी, शासनाने प्रदान केलेल्या, तसेच कुळकायद्याने मिळालेल्या जमिनी या सदरात येतात. त्यांच्या हस्तांतरणावर निर्बंध असतात. कुळकायद्याच्या (१९४८) कलम ४३ अन्वये कुळाला मिळालेली जमीन विकण्यास पूर्वी परवानगी अनिवार्य होती. २०१४ च्या सुधारणेनंतर, खरेदी प्रमाणपत्रास दहा वर्षे झाली असल्यास आकारणीच्या चाळीस पट रक्कम भरून हा निर्बंध दूर करता येतो. रक्कम अत्यल्प असते. पण ती न भरता झालेला व्यवहार शर्तभंग ठरतो. 'इतर हक्क' या रकान्यातील बोजा, कूळ, पुनर्वसनासाठीची बंदी, न्यायालयीन दावा अशा नोंदी त्यामुळे प्रथम वाचावयास हव्यात. याच कायद्याच्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीस परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, हेही नोकरदार खरेदीदाराने विसरू नये.

८. रेखांकन, बांधकाम आणि रेरा

अकृषिक वापराविषयीच्या तरतुदी २०१४ पासून टप्प्याटप्प्याने सुलभ होत आल्या आहेत. जमीन महसूल संहितेत कलम ४२-अ ते ४२-ड यांची भर पडली. विकास आराखड्यातील व गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील जमिनींसाठी प्रक्रिया सोपी झाली. परंतु मंजूर रेखांकन व बांधकाम परवानगी यांची आवश्यकता त्यामुळे संपलेली नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये परवानगीशिवायचे बांधकाम अनधिकृत ठरते.

मंजूर रेखांकनाचा अर्थ केवळ एक नकाशा नव्हे. डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार ०.४ हेक्टर वा त्याहून मोठ्या क्षेत्राच्या रेखांकनात १० टक्के जागा खुली ठेवावी लागते, शिवाय ठरावीक रुंदीचे रस्ते सोडावे लागतात. म्हणजे एक एकरातील चाळीसच्या चाळीस गुंठे कायदेशीर मार्गाने विकताच येत नाहीत. विनामंजुरीचा गुंठा स्वस्त का पडतो, याचे उत्तर येथे आहे. त्या दरात रस्ता, गटार व खुली जागा समाविष्ट नसते. ती किंमत पुढे रहिवाशांना चिखल तुडवून व नगरपरिषदेकडे अर्ज करून चुकवावी लागते.

स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, २०१६ हा कायदा मुंबई-पुण्याच्या इमारतींसाठी आहे, असा समज आहे. वस्तुतः जमिनीचे भूखंड पाडून विकणे हाही त्याच्या व्याख्येत 'प्रकल्प' आहे. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या क्षेत्राला अथवा आठपर्यंतच्या सदनिकांना नोंदणीतून सूट आहे. ५०० चौरस मीटर म्हणजे सुमारे पाच गुंठे. नियोजन क्षेत्रातील त्याहून मोठ्या भूखंड विक्रीस महारेराची नोंदणी आवश्यक ठरते. १ मे २०१७ पासून कार्यरत असलेल्या या यंत्रणेमुळे खरेदीदारास पुढील संरक्षण मिळते : नोंदणीकृत करारापूर्वी १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास मनाई (कलम १३), जमा रकमेपैकी ७० टक्के स्वतंत्र खात्यात ठेवण्याचे बंधन (कलम ४), ताबा न मिळाल्यास व्याजासह परतावा (कलम १८) आणि इमारतीतील संरचनात्मक दोष पाच वर्षे दुरुस्त करून देण्याची जबाबदारी (कलम १४).

सदनिका घेणाऱ्यांनी भोगवटा प्रमाणपत्र व अभिहस्तांतरण यांकडेही लक्ष द्यावे. विकासकाने जमीन व इमारत संस्थेच्या नावे करून दिली नाही तर १९६३ च्या महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांविषयीच्या अधिनियमात २००८ मध्ये झालेल्या सुधारणेनुसार मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग उपलब्ध आहे.

९. वाद आणि योग्य व्यासपीठ

चुकीच्या ठिकाणी दाद मागितल्याने वर्षे वाया जातात. फेरफार नोंदीविरुद्ध महसुली अपील असते व त्यास साधारणपणे ६० दिवसांची मुदत आहे. मालकीचा व वाटपाचा वाद मात्र दिवाणी न्यायालयातच निकाली निघतो. तहसीलदार वा प्रांताधिकारी यांनी नोंद बदलली म्हणून मालकी बदलत नाही. जबरदस्तीने कब्जा काढून घेतल्यास विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ अन्वये सहा महिन्यांच्या आत मालकीचा प्रश्न न काढताही कब्जा परत मागता येतो. मालकीच्या आधारे कब्जा मागण्याची मुदत बारा वर्षांची असून ती प्रतिकूल कब्जा सुरू झाल्यापासून मोजली जाते. भूखंड घेऊन कुंपण न घालता दीर्घकाळ परगावी राहणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

१०. खरेदीपूर्व पडताळणीचा क्रम

१. किमान तीस वर्षांचे सातबारा उतारे, त्यांतील प्रत्येक फेरफार व वारस नोंदी (नमुना ६-क) मिळवाव्यात. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा २०१८ पासून घरबसल्या मिळतो. जुने हस्तलिखित उतारे मात्र मागून घ्यावे लागतात.

२. दुय्यम निबंधक कार्यालयातील सूची क्रमांक २ चा शोध घेऊन वकिलाकडून शोध अहवाल घ्यावा. विक्रेत्याचा वकील व आपला वकील एकच नसावा.

३. विक्रेत्याच्या कुटुंबाची वंशावळ लिहून काढावी. आई, बहिणी व मृत भावांचे वारस यांपैकी कोण दस्तात नाही, ते पाहावे. नोंदणीकृत हक्कसोडपत्र वा दस्तात मान्यता देणार म्हणून सही घ्यावी.

४. भोगवटादार वर्ग, इतर हक्कांतील नोंदी व प्रलंबित दावे तपासावेत.

५. मंजूर रेखांकनाची प्रत विक्रेत्याकडून न घेता ती मंजूर करणाऱ्या कार्यालयातून पडताळावी. महारेरा क्रमांक असल्यास संकेतस्थळावर पाहावा.

६. भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी. दस्तातील चतुःसीमा व जागेवरच्या खुणा जुळल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये.

७. वृत्तपत्रात जाहीर नोटीस देऊन हरकती मागवाव्यात.

८. रक्कम बँकेमार्फत द्यावी व खरेदीखतानंतर फेरफार मंजूर होईपर्यंत पाठपुरावा करावा.

राष्ट्रीयीकृत बँक एखाद्या भूखंडास गृहकर्ज नाकारते तेव्हा आपण बँकेला दोष देतो. त्यापेक्षा तिने का नाकारले, हे विचारावे. बहुधा तेच कारण पुढे आपल्या दाव्यात मांडले जाते.

११. निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, तालुक्याच्या ठिकाणी घराविषयीचे वाद मुख्यत्वे कब्जा, दस्त व अभिलेख या तिहींत पडलेल्या अंतरातून निर्माण होतात. कब्जा एकाकडे, दस्त दुसऱ्या स्वरूपाचा आणि नोंद तिसऱ्याच्या नावे अशी स्थिती असते. दुसरा, तुकडेबंदी शिथिल करण्याच्या टप्प्यांनी जुन्या खरेदीदारांस दिलासा दिला असला तरी विक्रेत्याच्या हक्कातील दोष त्यातून बरा होत नाही. तिसरा, मुलींचा हिस्सा डावलून झालेले व्यवहार हे आगामी काळातील दाव्यांचे प्रमुख कारण राहण्याची शक्यता आहे. चौथा, केवळ बंदी घालून गुंठ्यांची खरेदी थांबत नाही, हे १९४७ पासूनच्या अनुभवाने दाखविले आहे. लहान शहरांत अल्प क्षेत्राची, पण रस्ता व खुल्या जागेसह मंजूर रेखांकने परवडणाऱ्या दरात उपलब्ध होणे हाच त्यावरचा खरा उपाय होय.

उदाहरणातील शिक्षकाकडे पुन्हा वळू. त्याच्या हाती दोन गुंठे आले की केवळ दोन गुंठ्यांवर राहण्याची तात्पुरती मुभा आली, हे त्याने पैसे देण्यापूर्वी केलेल्या चौकशीवर अवलंबून आहे. ही चौकशी करण्यास काही आठवडे व काही हजार रुपये लागतात. दिवाणी दाव्याला लागणारा काळ व खर्च त्याच्या कितीतरी पट असतो. महाविद्यालयांतील वाणिज्य, अर्थशास्त्र व राज्यशास्त्र विभागांनी विद्यार्थ्यांना स्वतःच्या घरचा सातबारा वाचावयास शिकविणे, हा या दिशेने उचलता येण्याजोगा साधा आणि बिनखर्चाचा उपक्रम ठरेल.